तितं पट्टेच नव्हते

१

अपघात झाला अकराला, आणि मला कळलं साडेअकराला. फाट्यापासून चावडी पाच मिनिटांच्या वाटेवर. मधली पंचवीस मिनिटं कुठं गेली, हे विचारायचं मला त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं असतं तर एका निर्दोष माणसाच्या मुस्कटात मी मारली नसती.

मी नथू पाटील, त्या वेळचा आमच्या गावचा पोलीस पाटील. गावाचं नाव सांगत नाही. भरे आणि घोटावडे यांच्या आसपास कुठंतरी आहे, एवढं पुरे. लाज वाटते, दुसरं काय.

त्र्याऐंशी साल. संक्रांतीच्या आधी आमचा रस्ता नव्यानं डांबरी झाला आणि फाट्यावर, शाळेसमोर, बांधकाम खात्याच्या माणसांनी आडवे पांढरे पट्टे मारले. अकरा पट्टे. त्यासाठी अर्ज माझा, खेटे माझे, चपला झिजल्या त्याही माझ्या. मग मी चावडीपुढं सभा घेतली. गळ्यात शिट्टी अडकवून सांगितलं, "पायी मानसानं पट्ट्यांवरनंच जायचं. एकदा पट्ट्यावर पाय पडला की हक्क त्याचा. गाडीवाल्यानं पट्टे दिसले की हळू व्हायचं, मानूस दिसलं की थांबायचं. न्हाई थांबला तर जेल."

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझी बायको रंभाही हसत होती.

मी कडक माणूस होतो, आणि त्याचा मला माज होता. रस्त्यात म्हैस, रस्त्यात खाट, रस्त्यात मळणी, काही दिसलं की शिट्टी! शेतीतही तेच, इतरांपेक्षा वेगळं काही केल्याशिवाय चैन पडायची नाही. त्या साली पंचायत समितीच्या साहेबांकडून काबुली हरभऱ्याचं बी आणलं होतं, टपोरं, पांढरं. उभ्या तालुक्यात तसा हरभरा फक्त माझ्या रानात, हे मी ज्याला त्याला थांबवून सांगायचो.

तर मी फाट्यावर पोचलो. आमच्या बौद्धवाडीतली चांगुणाबाई, शाळेत पोरांची सुकडी शिजवणारी, तिला टेंपोनं उडवलं होतं. एका जीपवाल्यानं तिला पुण्याला नेलंही होतं. पाय दोन ठिकाणी मोडलेला, कमरेला मार. टेंपो पट्ट्यांपासून पंधरा पावलांवर तिरका उभा. ड्रायव्हर मैलाच्या दगडावर बसलेला, शर्टाला चांगुणाबाईचं रक्त. जीपमध्ये तिला त्यानंच उचलून ठेवलं होतं म्हणे.

"पट्टे दिसले न्हाईत का रं, आंधळ्या?" मी ओरडलो.

तो उभा राहिला. "पाटील, तितं पट्टेच नव्हते. तितं..."

मी त्याला पुढचं बोलू दिलंच नाही. काडकन ठेवून दिली. सगळा फाटा बघत होता. माझ्या पट्ट्यांसमोर उभा राहून हा मला सांगतो, पट्टेच नव्हते!

गाल धरून त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं, ते मिटलंच.

२

पंचनामा मी लिहिला. पट्टे अकरा, ठळक. खरं तर इतके ठळक मी ते कधी बघितले नव्हते, नुकते धुतल्यासारखे. अलीकडं-पलीकडं रस्त्यावर धूळ, शेण, पालापाचोळा, आणि मधे हे लख्ख. भिकूच्या चहाच्या हॉटेलातल्या कोंबड्या पट्ट्यांवर टोचत होत्या, त्या मी पायानं हुसकल्या. पंचनाम्यात कोंबड्या कशाला? पाच पंचांनी सह्या केल्या. एकानंही मान वर करून माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, पाटलाचा धाक!

दुपारी पौडच्या पोलीस ठाण्यातून जमादार आले. जयवंतराव त्यांचं नाव. बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे, तळहातावर तंबाखू मळत तासभर एकाच जागी उभे राहणारे. असल्या माणसाला काय तपास जमणार, असं मी मनात म्हणालो. देव मला क्षमा करो.

त्यांनी पंचनामा वाचला, ड्रायव्हरला ताब्यात घेतलं. नाव वाल्मीक, राहणार माण. आमच्या रस्त्याला त्याचा तिसराच दिवस. एरवी पुण्यात गाडी चालवायचा.

"पाटील," जमादार म्हणाले, "हा पंचनामा असाच ऱ्हायला तर पोरगं जेलात जातंय. लायसनही जाईल. घरात आई आणि दोन बहिनी, कमावता हा एकटा."

"जाऊ दे की! पट्ट्यांवरच्या बाईला उडवलीया त्यानं."

"व्हय, व्हय. जाऊ दे." तंबाखू दाढेखाली सरकवून ते पट्ट्यांकडं बघत राहिले.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार परत आले. मला वैताग आला. केस उघड, सह्या झालेल्या, आता काय उकरायचं राहिलं?

ते भिकूच्या हॉटेलात बसले. मला म्हणाले, बसा. बाकड्यावर टेकायला गेलो तर पांढरा रंग, ताजा.

"आरं भिकू, रंग कुटला हा?" जमादारांनी विचारलं.

भिकू दचकला. "पट्टेवाल्यांचा उरलेला, जमादार. डबा टाकून गेले. कालच्याला हात फिरवला."

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. "जमादार, ह्यानंच! पट्टे बुजले असतील, आन ह्यानं अपघात झाल्यावर रंगवले असतील. म्हनून ते इतकं ठळक!"

जमादार उठले, पट्ट्यावर बोट घासून आले. "वाळल्याला हाय, पाटील. दोन महिन्याचा. बाकडं अजून चिकटतंय. आणि काल साडेअकराला तुमी ह्याच पट्ट्यावर उभं ऱ्हायला व्हता, तुमचं पाय कुटं पांढरं झालं?"

भिकू हसला नाही. एरवी माझी फजिती झाली की तो आठ दिवस हसायचा.

"मी एक इचार करतोय," जमादार म्हणाले. "जेलात चाललेला मानूस खोटं बोलतो ते टिकंल असं बोलतो. ब्रेक लागला न्हाई म्हनंल. बाई आडवी पळाली म्हनंल. पण नुसता रस्ता बघितला की शाळेतलं पोरगंही खोटं पाडंल, असं कोन बोलंल? पट्टे नव्हते म्हनं! म्हंजी एकतर तो येडा हाय, न्हाईतर पट्टे खरंच नव्हते. अकराला नव्हते आन साडेअकराला व्हते."

"आवो, पट्टे काय गुंडाळून नेतंय कोन?"

"गुंडाळून न्हाई," जमादार म्हणाले. मग भिकूकडं वळले. "भिकू, तुझ्या कोंबड्या हॉटेल सोडून रस्त्यावर का जात्यात रं? डांबरात काय हाय त्यांना?"

भिकूनं न विचारताच आमच्या भरलेल्या कपांत पुन्हा चहा ओतला. चहा सांडला. तो पुसत बसला.

मी बाहेर बघितलं. दोन कोंबड्या तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्याच्या मधे मन लावून टोचत होत्या.

४

"काल रातच्याला हॉस्पिटलातनं शिपाई आला," टेंपोकडं जाता जाता जमादार म्हणाले. "चांगुणाबाईनं जबाब दिला. सांगू का?"

"सांगा की."

त्यांनी खिशातून कागद काढला. "'पट्टे दिसत नव्हते. पण कुटं हायेत ते मला ठावं व्हतं. रोज जाते. पाटलांनी सांगितलंय, पट्ट्यावरनं गेलं की गाडी थांबती. म्हनून गेले. माझा पाय सरकला, तवर टेंपो आला.' कुनी कशानं झाकलं व्हतं, ते इचारलं तर म्हनली, 'मला गावात ऱ्हायचंय.'"

माझ्या शब्दावर ती बाई टेंपोसमोर चालत गेली होती.

टेंपो कालपासून जागचा हलला नव्हता. जमादार मागल्या चाकापाशी उकिडवे बसले. "पाटील, तुमीच घाला बोट. हितं, टायरच्या खाचंत. मी काढलं तर म्हनाल, जमादारानं टाकलं."

मी बोट घातलं. खाचेत भुसकट कोंबून बसलं होतं. फुटलेले घाटे, काटक्या. आणि मधे एक अख्खा दाणा. तो मी नखानं उकरून तळहातावर घेतला.

टपोरा, पांढरा.

"हरभरा दिसतोय," जमादार हळूच म्हणाले. "हिकडं गावठी हरभरा तांबूस असतो न्हाई? असला कुटं पिकतो, पाटील?"

उभ्या तालुक्याला मीच सांगत फिरलो होतो, कुठं पिकतो ते.

५

आमच्याकडं बैल फिरवून मळणी करायची रीत तोवर मागं पडत चालली होती. लोक माल डांबरी रस्त्यावर पसरायचे. गाड्या त्याच्यावरून गेल्या की घाटे फुटतात, दाणे मोकळे होतात, मग भुसकट उफणायचं. बाया कडेला उभ्या राहून ड्रायव्हरला हात करतात, इकडून घे, मालावरून घे. ड्रायव्हरही घेतात. मी शिट्टी वाजवायचो, बाया माल उचलायच्या, आणि माझी पाठ फिरली की पुन्हा पसरायच्या. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त माझ्या पट्ट्यांवर, माझ्या घरचा माल पसरला जाईल हे माझ्या स्वप्नात नव्हतं.

"वाल्मीकनं मला काल लॉकअपमधेच सांगितलं," जमादार म्हणाले. "तुमी मुस्कटात मारून तोडलेलं वाक्य पुरं केलं त्यानं. 'तितं पट्टेच नव्हते, तितं हरभरा पसरला व्हता, आन एक बाई हात करून मला त्याच्यावर बोलवत व्हती. मी तिच्याकडं बघत व्हतो. ही दुसरी बाई दिसली तवा ब्रेक मारला, पण घाट्यांवरनं चाक घसरलं.' एवढंच व्हतं त्याचं म्हननं."

"मग सकाळी आल्या आल्या का न्हाई बोलला तुमी?"

"त्याच्या एकट्याच्या बोलन्याला पुरावा कुटं व्हता? तुमच्याकडं पाच पंच, पाच सह्या. आन मला एक बघायचं व्हतं, पाटील. तुमाला ठावं हाय का न्हाई ते." त्यांनी माझ्या तळहाताकडं बोट केलं. "आत्ता तुमचं तोंड बघितलं. ठावं नव्हतं तुमाला."

त्यांनी तो दाणा माझ्याकडून घेतला नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. आज कोर्टाला सुट्टी, उद्या अकराला त्याला कोर्टापुढं उभा करायचाय. त्याच्या आत आलात तर तुमचा जबाब लिहून घेतो. न्हाई आलात तर तुमच्या पंचनाम्यावर केस चालंल."

आणि ते सावकाश एसटीच्या थांब्याकडं गेले. मी मात्र तिथंच राहिलो. पट्टे ओलांडायचा धीर होईना.

घरी आलो तर रंभा चुलीपुढं बसलेली, चूल थंड. तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले, लाल. हरभऱ्याच्या वाळल्या झाडानं असे होतात. कालही ते तसेच असणार, ताट वाढताना माझ्यासमोरच होते. मला दिसले नाहीत. मी वाल्मीकला आंधळा म्हणालो होतो.

मी दाणा तिच्यापुढं जमिनीवर ठेवला.

तिनं तो बोटानं उलटा करून बघितला. मग म्हणाली, "मीच हात केला त्याला."

"पट्ट्यांवर? आगं, रस्ता काय कमी पडला तुला? पट्ट्यांवरच का पसरलास?"

"तुमीच म्हनला व्हता न्हवं सभेत? पट्ट्यापाशी समद्या गाड्या हळू व्हत्यात." ती रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "जोरात गाडी आली की दाना भरडतो. हळू आली की नुसता घाटा फुटतो, दाना अख्खा ऱ्हातो. तुमचा तो मोठा हरभरा, भरडला तर तुमीच बोंब मारली असती. पंधरा दिस झालं, समद्या बाया तितंच पसरत्यात, पाळीपाळीनं. काल आपली पाळी व्हती. रोजचे डायवर हळू घेत्यात, त्यांना ठावं हाय खाली पट्टे हायेत. ह्यो नवा निगाला."

मी खाली बसलो. माझं व्याख्यान बायांनी किती नीट ऐकलं होतं! गाड्या हळू व्हाव्यात म्हणून मारलेले पट्टे, आणि गाड्या हळू होतात म्हणून त्यांनाच झाकून टाकलं. आमच्या गावाशिवाय ही चूक दुसरं कोण करेल?

"आन मग?" मी विचारलं. "ती पडल्यावर?"

आता तिचा आवाज फुटला. "बाया म्हनल्या, पाटलाच्या घरचा माल, पाटलाची अब्रू जाईल. समद्यांनी खराटं घेतलं. आमी झाडत व्हतो. चांगुणा कडंला पडलीवती, पानी मागत व्हती. भिकूनं पाजलं. तो डायवर तिचं डोकं मांडीवर घेऊन आरडत व्हता, गाडी बगा, कुनीतरी गाडी बगा. आन आमी झाडत व्हतो. पोती भरली, बांधावर नेली. मग तुमाला निरोप धाडला."

पंचवीस मिनिटं. ती ही.

एक बाई मोडलेल्या पायानं रस्त्याच्या कडेला कण्हत होती, आणि गाव हरभरा झाडत होतं. माझ्या अब्रूसाठी. आणि त्या सगळ्या माणसांत तिला धरून बसलेला एकच माणूस होता, त्याला मी मारलं.

६

त्या दिवशी मी काय काय विचार केला, ते लपवत नाही. दाणा चुलीत टाकला असता तर संपलं होतं. पंच माझे, भिकू माझा, चांगुणाबाईला तर गावातच राहायचं होतं. वाल्मीक माणचा, त्याचं इथं कोण होतं? हे सगळं मी रीतसर मोजून बघितलं. पोलीस पाटलाच्या डोक्यात हे आलं, एवढीही लाज आयुष्यभर पुरेल.

सकाळी मी दाणा खिशात टाकला. रंभा म्हणाली, "मीबी येते. हात म्या केला व्हता."

पौडला दहा वाजता पोचलो. जमादारांनी मान हलवली, कागद पुढं ओढला, लिहून घेतलं. पंचनामा खोटा ठरला, तो लिहिणारा मी. रंभाला दंड झाला. माझी पोलीस पाटीलकी महिन्याभरात गेली. खरं तर मीच शिट्टी आणि कागद नेऊन दिले. पंचांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांच्या मते अब्रू मीच घालवली. चांगुणाबाईच्या घरी आम्ही दोघं गेलो तेव्हा तिच्या सुनेनं दाराबाहेरच थांबवलं. तिचं बरोबर होतं. चांगुणाबाई आतून एवढंच म्हणाली, "पाटील, पट्टे खरं असत्यात का न्हाई, ते आता तुमीच सांगा."

वाल्मीकला त्याच दिवशी सोडलं. मी ठाण्याच्या पायरीवर हात जोडून उभा राहिलो. "माज्या मुस्कटात मार," मी म्हणालो. "चारचौघांत मार."

त्यानं मारलं नाही. "वाक्य पुरं करू दिलं असतंत तर बरं झालं असतं," म्हणाला, आणि एसटी पकडायला निघून गेला.

तो पुन्हा आमच्या रस्त्याला येईल असं मला वाटलं नव्हतं. पण गाडीचा मालक सांगेल तोच ड्रायव्हरचा रस्ता. वैशाखात, बाजाराच्या दिवशी, मी भाजीची पिशवी घेऊन फाट्यावर उभा होतो. पट्टे उघडे होते. त्यानंतर त्यांच्यावर कुणी काही पसरलं नव्हतं. पलीकडच्या बाजूला चांगुणाबाई काठी टेकून बसली होती. पौडकडून टेंपो आला. मी ओळखला, आणि मागं सरलो.

टेंपो पट्ट्यांच्या अलीकडं थांबला. मागं एक ट्रक, त्याच्यामागं एसटी, सगळे थांबले. हॉर्न वाजायला लागले. भिकूच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. मी जागचा हललो नाही. वाल्मीकनं खिडकीतून डोकं काढलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"जावा की, पाटील," तो म्हणाला. "पट्टे दिसत्यात आज. थांबलोय मी."

सगळा फाटा बघत होता. मी मान खाली घातली आणि पहिल्या पट्ट्यावर पाय ठेवला.